जागेचा रकाना

नसीबानं बांगडे मोजून पिशवीत टाकले, पिशवीचं तोंड मुरगळून बांधलं आणि म्हणाली, "घ्या म्याडम." रश्मीनं पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली, बंदराची चढण चढून ती वरच्या सपाट सड्यावर आली, तरी काहीतरी मागे राहिल्याची रुखरुख सुटेना. किल्ली होती, पर्स होती, हेल्मेट डोक्यावर होतं. उपकेंद्राच्या फाटकाशी गाडी लावताना तिच्या ध्यानात आलं की बांगडे सहाच होते. गेली तीन वर्षं दर बुधवारी ती नसीबाकडून सहा बांगडे घेते आणि नसीबा न मागता सातवा वर टाकते. टाकताना "घे गो बाय, मांजराक घाल" म्हणते. रश्मीकडे मांजर नाही हे दोघींनाही ठाऊक आहे. आज सातवा नव्हता, मांजर नव्हतं, आणि 'गो बाय'ची म्याडम झाली होती. एका बांगड्यावाचून कोणाचं अडत नाही. सहायक ग्रंथपाल म्हणून बावीस वर्षं सही करत आलेल्या शेहेचाळीस वर्षांच्या बाईनं एवढ्यावरून दिवस नासवू नये हेही तिला कळत होतं. पण माशाचा बारीक काटा घशात असला की तो किती बारीक आहे हे कळून काही उपयोग नसतो. मासळी कमी आली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण नसीबाची टोपली भरलेली होती, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला तिनं वर दोन टाकलेले रश्मीनं पाहिले होते. म्हणजे ते ठरवून होतं. आणि ठरवलं असेल तर कशावरून, हे शोधत ती वाचनालयाचा जिना चढली.

वाचनालय म्हणजे चिऱ्याच्या इमारतीचा वरचा मजला. दोन खोल्या, एक लांब दालन, आणि खारट हवेनं कायम चिकट राहणाऱ्या खिडक्यांच्या काचा. विद्यापीठ तिकडे लांब, शहरात. इथे विजयदुर्गच्या अलीकडे त्यांनी किनाऱ्याच्या अभ्यासाचं उपकेंद्र काढलं तेव्हा पुस्तकं पाठवली, कपाटं पाठवली आणि सगळ्यात शेवटी रश्मीला पाठवलं, कारण ती जिल्ह्यातली होती. जिल्ह्यातली म्हणजे मसुऱ्याची. मसुरं आत आहे, भाताचं आणि काजूचं गाव. समुद्राशी मसुऱ्याच्या माणसाचा संबंध बाजारातून आणलेल्या माशापुरता. पण वरच्या लोकांच्या लेखी सिंधुदुर्ग म्हणजे समुद्र, आणि सिंधुदुर्गातला माणूस म्हणजे समुद्राचा माणूस. रश्मीला होडीत बसवलं तर पाच मिनिटांत उलटी होते. तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी वरून पत्र आलं, की सगळ्यांना मिळून एकच कॅटलॉग पुरत नाही, तरी प्रत्येक उपकेंद्रानं आपापल्या खास वाचकगटांसाठी तो घडवून घ्यावा. बाकीच्या उपकेंद्रांनी पडद्यावरची रंगीत बटणं वाढवली आणि अहवाल पाठवून दिला. रश्मीला मात्र हे काम मनापासून लागलं. तिच्याकडे दर बुधवारी संगणकातून एक यादी निघायची. आठवडाभरात कोणी काय शोधलं आणि ते सापडलं नाही, त्याची. चार-पाच पानं, नुसते शब्द, आणि प्रत्येकापुढे शून्य. ही यादी ती चहा घेत वाचायची, इतर बायका पेपरातलं भविष्य वाचतात तशी. कोणीतरी 'इसवण' शोधलेलं असे आणि कॅटलॉगला त्या माशाचं फक्त लॅटिन नाव ठाऊक असे. कोणी आंबेवाला 'तुडतुडे' म्हणून तीनदा विचारून गेलेला असे आणि पुस्तक त्याच्या मागच्याच कपाटात 'फळपिके – कीडनियंत्रण' या नावाखाली झोपलेलं असे. एवढं जवळ येऊन माणूस रिकाम्या हातानं परत गेला याची तिला खरंच चुटपुट लागायची. मग ती एकेका गटासाठी एकेक दार करत गेली. स्कूबाचं, पाण्याखाली बुडी मारायचं प्रशिक्षण घेणारी पोरं सगळं खोलीवरून विचारायची, म्हणून त्यांच्या दाराशी खोलीचा रकाना आला. किल्ल्यांवर काम करणारे बुरजाच्या नावानं आणि सालानं यायचे. आंबेवाले मोहोराच्या अवस्थेनं. नोंद तीच, पुस्तक तेच, पण प्रत्येकाला आपल्या बाजूनं आत येता यायला हवं. हे काम तिला आवडत होतं, आणि आवडत होतं म्हणूनच ते अंगाशी येईल अशी शंका तिला कधी आली नाही.

राहिला मच्छीमारांचा गट. त्यांच्या सोसायटीचे साठ सभासद, आणि एकही जण वाचनालयात फिरकत नसे. मागच्या पावसाळ्यात होड्या वर ओढल्या गेल्या तेव्हा तिनं सोसायटीत निरोप पाठवला की जाणत्या माणसाशी दोन महिने बसून बोलायचं आहे, आणि त्यांनी कमरुद्दीनचाचांना पाठवलं. नसीबा त्यांची सून. साठी उलटलेले, लुंगीवर इस्त्रीचा सदरा घातलेले चाचा रोज अकराला यायचे, चपला जिन्याखाली काढायचे आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसायचे, जणू खुर्ची दुसऱ्या कोणाची आहे. त्यांना अक्षरओळख जेमतेम, पण कॅटलॉग म्हणजे काय ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. रश्मी माशांची नावं लिहून घेत होती. चाचा थोडा वेळ सांगत राहिले आणि मग म्हणाले, "म्हावरा नावान गावना नाय, बाय. म्हयन्यान गावता." तिनं लिहिलेलं पान फाडलं आणि नव्यानं सुरुवात केली. महिना, वारा, पाण्याचा रंग, जाळं की गळाची गरी. रकाने भरत गेले. सरकारी अहवाल, प्रबंध, जुने सर्व्हे, सगळं तिनं त्या रकान्यांत नव्यानं बसवलं, आणि ऑगस्टच्या अखेरीला एक तरुण मच्छीमार मोबाइलवर 'श्रावण, गरी' असं शोधून एका प्रबंधापाशी पोचला, तेव्हा तिला पेढे वाटावेसे वाटले.

एक रकाना तेवढा रिकामा होता. जागा. चाचांनी दोन महिन्यांत महिना सांगितला, वारा सांगितला, आमिष कुठलं लावायचं ते सांगितलं. कुठे, ते एकदाही नाही. विचारलं तर ते खिडकीबाहेर हात करून "भायर" म्हणायचे. बाहेर म्हणजे अरबी समुद्र. रश्मीला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला नकाशाच्या भाषेत सांगता येत नसेल. रिकामा रकाना तिला नीट झोपू देत नाही. आता, बुधवारची यादी समोर घेऊन बसलेली असताना, तिला तो हात आठवला. पाचही बोटं पसरून, किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे माणसानं उघडा हात दाखवून मूठ झाकली होती, आणि आपण त्याला अडाणी समजलो. तिच्या कानशिलांशी गरम झालं.

कारण तो रकाना तिनं भरला होता. वाचनालयाला देणगीत आलेल्या पेट्यांत हरिश्चंद्र मास्तरांची वही होती. मास्तर इथल्याच शाळेतले, सत्तरच्या दशकात मासेमारीवर प्रबंध लिहायला बसले आणि तो पुरा न करता निवृत्त होऊन वारले. १९७९ सालची ती वही, निळ्या शाईची. मास्तर एकेका घराच्या होडीतून समुद्रात गेले होते आणि त्यांनी माशांच्या जागांच्या खुणा लिहून ठेवल्या होत्या. तळाशी खडक असतो, इथल्या बोलीत खडप, खडकाशी मासा असतो, आणि वरून पाणी सगळीकडे सारखं. मग जागा लक्षात ठेवायची ती किनाऱ्याकडे पाहून. समोर गडाचा अमुक बुरूज मागच्या डोंगराच्या अमुक घळीवर आला पाहिजे आणि बाजूला खाडीपलीकडचं झाड सड्याच्या कडेवर बसलं पाहिजे; दोन्ही एका वेळी जुळतात अशी जागा समुद्रात एकच. अशा अकरा जागा होत्या, आठ घरांच्या. पाचव्या पानावर होतं : 'बावामियाँ यांजकडून. तांबोशी, गोबरा. मुलास अद्याप सांगितलेली नाही.'

बावामियाँ म्हणजे कमरुद्दीनचाचांचे वडील. मास्तरांनी हे लिहिलं त्याच्या पुढच्या वर्षी ते तापानं गेले. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. हे चाचांनीच सांगितलं, जुलैतल्या एका दुपारी, रश्मीनं ते पान त्यांना वाचून दाखवल्यावर. तिला वाटलं होतं चाचांना आनंद होईल. चाचांनी परत वाचायला सांगितलं. मग आणखी एकदा, सावकाश. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. रश्मीला भरून आलं. पंचेचाळीस वर्षांनी माणसाला बापाचा शब्द ऐकायला मिळतो, आणि तो आपल्या वाचनालयात मिळतो, याहून मोठं काम कुठलं, असं तिच्या मनात आलं. चहा तसाच ठेवून चाचा उठून गेले. सप्टेंबरात ते एकदा आले ते केळीच्या पानात गुंडाळलेली हातभर लांबीची तांबोशी घेऊन. कुठे मिळाली असं तिनं सहज विचारलं. "बापाशीन धाडल्यान," असं म्हणून ते हसले होते. ते ओठ नुसते भावनेनं हलत नव्हते, तिथे पाठांतर चाललं होतं, हे कळायला तिला डिसेंबर उजाडावा लागला.

सप्टेंबरात तिला वेगळंच सुचलं होतं. मसुऱ्यात त्यांची काजूची एक उतरण आहे. रश्मी अकरा वर्षांची असेपर्यंत त्या तुकड्यावर तिच्या वडिलांचं, गणपत बागव्यांचं, नाव नव्हतं. कसत होते ते, दगडी बांधाचा गडगा घातला होता त्यांनी, पण कागद भलत्याच्या नावावर. दर पावसाळ्यानंतर गडगा चार हात अलीकडे सरकलेला असायचा. शेवटी मोजणीवाला आला, साखळी पडली, रश्मी दगडांवरून उड्या मारत साखळीच्या मागे मागे गेली. महिनाभरानं बाबा तालुक्याहून आले ते पायही न धुता अंगणात उभे राहून गट नंबर मोठ्यानं म्हणत राहिले, आरती म्हणावी तसा. त्यानंतर गडगा सरकला नाही. नाव लागलं की वस्तू आपली होते आणि मग ती कोणी नेत नाही, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते तिनं पाहिलं होतं. ग्रंथपालाची नोकरी तिनं त्यासाठी धरली असं म्हणता येणार नाही, पण नोकरीत तिचा जीव रमला तो यासाठी. तेव्हा बावामियाँचं नाव लागायला हवं, असं तिला वाटलं यात नवल नाही. तिनं पडद्यावर नकाशा उघडला, गडाच्या बुरजापासून एक रेघ ओढली, खाडीपलीकडून दुसरी. झाड केव्हाच पडलं होतं, पण मास्तरांनी बाजूला चित्र काढलं होतं. तीन दिवस लागले. दोन रेघा निळ्या रंगात जिथे एकमेकींना भेटल्या तिथे तिनं बोट ठेवलं आणि तिला विलक्षण आनंद झाला. होडीत पाय न ठेवता तिनं समुद्रात जागा शोधली होती. तिनं नोंद केली : बावामियाँचा खडप. महिना, वारा, आमिष, आणि जागेच्या रकान्यात अक्षांश-रेखांशाचे आकडे, ज्यांवर बोट दाबलं की मोबाइलमध्ये नकाशा उघडावा. अशा चार नोंदी तिनं पुऱ्या केल्या, मग दुसरी कामं आली. वहीच्या पहिल्या पानावर मास्तरांनी लिहिलं होतं, 'या खुणा छापण्यासाठी नाहीत.' रश्मीनं ते वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं, आणि कॅटलॉग म्हणजे काही छापणं नव्हे असा विचार करून टिपेच्या रकान्यात नेमानं उतरवूनही घेतलं होतं.

यादीत त्या दिवशी काही विशेष नव्हतं. तिनं यादी बाजूला ठेवली आणि जे ती सहसा पाहत नसे ते उघडलं : काय सापडलं, आणि किती वेळा. बावामियाँचा खडप ही नोंद दिवाळीपासून अकराशे वेळा उघडली गेली होती. पहिल्या आठवड्यात चार वेळा. मग स्कूबावाल्यांच्या दारातून, मग गरीची हौस असलेल्या पर्यटकांच्या कुठल्याशा गटातून, मग सरळ. बांगड्यांची पिशवी टेबलाखाली होती आणि तिचा वास येत होता. खाली जाऊन ती पिशवी पहारेकऱ्याला देऊन आली.

उपकेंद्राचे प्रमुख चंदन सर चांगले गृहस्थ होते. कोल्हापूरचे, अडतिशीतले, आकडा दिसला की उजळणारे. अकराशे ऐकून ते उजळलेच. ही नोंद त्यांनी वरच्या बैठकीत पडद्यावर दाखवली होती आणि स्थानिक ज्ञानाचा नमुना म्हणून तिचं कौतुक झालं होतं. रश्मीनं ती काढून टाकायचं म्हटल्यावर त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की केलेली नोंद काढायची नसते, तो आपला धर्म नव्हे. पण आपण गट कशाला केले आहेत? पर्यटकांना दिसायला नको, स्कूबावाल्यांना दिसायला नको, ठीक. मच्छीमारांच्या दारापुरती ठेवा. सोसायटीच्या साठ सभासदांना क्रमांक टाकून दिसेल, बाकी जगाला नाही. रश्मीला हे ऐकून एकदम हलकं वाटलं. इतकी सोपी गोष्ट आपल्याला सुचू नये याचं आश्चर्यही वाटलं. तिनं दहा मिनिटांत तो बदल केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो सांगायला म्हणून बंदरावर गेली.

चाचा धक्क्याच्या सावलीत जाळं शिवत बसले होते. तिला पाहून त्यांनी सरकून जागा केली, एवढी माया अजून होती. तिनं सगळं सांगितलं, चूक झाली तिथपासून ती दुरुस्त केली तिथपर्यंत, आणि सांगताना शेवटी शेवटी तिचा आवाज जरा चढलाच. आता फक्त तुमच्या माणसांना दिसेल, ती म्हणाली. चाचांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"भायरले काय म्हावरा नेनत नाय, बाय," ते म्हणाले. "शेजारी नेता."

मग त्यांनी समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तितक्या शांतपणे. दिवाळीनंतर आधी एक पर्यटकांची होडी तिथे दिसली, रंगीत गऱ्या लावलेली. ती असती तरी चाललं असतं, त्यांना मासा लागत नाही, उन्हानं ते परत जातात. पण होडी कुठे उभी राहते ते शेजाऱ्यांनी, याच बंदरातल्या होडीवाल्यांनी, पाहिलं, मोबाइल उघडला, आणि चार दिवसांनी तिथे शेजाऱ्यांच्या सहा होड्या होत्या. खडपाचा मासा बांगड्यासारखा येणारा-जाणारा नसतो. तो घर करून राहतो. चाचा आठवड्यातून दोनदा जायचे आणि दोन-तीन काढून परत यायचे. शेजाऱ्यांनी महिनाभरात खडप धुऊन नेला. आता गरी टाकली तर आमिष जसंच्या तसं वर येतं. रश्मीनं विचारलं, की तुमच्यात एकमेकांना जागा सांगत नाहीत? चाचांना हा प्रश्न कळायलाच थोडा वेळ लागला. सख्खा भाऊ सख्ख्या भावाला सांगत नाही. बाप मुलाला सांगतो तो मुलगा होडी धरायला लायक झाला की, आणि तेही समुद्रात नेऊन, तोंडानं नाही. मास्तरांना घरांनी सांगितलं कारण मास्तर होडी धरणारे नव्हते आणि शब्दाचे पक्के होते. शादाबला, म्हणजे त्यांच्या मुलाला, त्यांनी ही जागा पुढच्या वर्षी दाखवायचं ठरवलं होतं.

"तुज्या मनात वायट नव्हता, ह्या माका ठावक आसा," ते म्हणाले. "पण केलंस तूच."

परत चढण चढताना तिला दोन वर्षांचं काम आठवत राहिलं. खास वाचकगट. साठ माणसांचा एक गट तिनं केला होता, त्याला एक दार दिलं होतं, आणि त्या दाराच्या आत साठ माणसं एकमेकांपासून जपून, पाठी फिरवून उभी होती. आंबेवाले एकमेकांना फवारणी सांगतात, किल्लेवाले एकमेकांचे लेख वाचतात, म्हणून हेही तसेच असतील असं तिनं धरून चाललं होतं. मसुऱ्यात शेताला नाव असतं आणि ते गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. तिथे चोरी होते ती न लिहिलेल्या जमिनीची. इथे लिहिली की गेली. हे दोन्ही एकाच तालुक्याच्या अंतरावर खरं असू शकतं, हे बावीस वर्षांत एकाही पुस्तकानं तिला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि तिनं ते भलत्याच शीर्षकाखाली लावून टाकलं असेल. तिनं चंदन सरांना न विचारता चारही नोंदी काढल्या. जागेचा रकानाच काढला. सरांनी लेखी खुलासा मागितला, तो तिनं दोन ओळींत दिला. पाण्यात पडलेलं मीठ परत काढता येत नाही हे तिला ठाऊक होतं. ज्यांनी आकडे मोबाइलमध्ये ठेवले होते त्यांच्याकडे ते राहिलेच. उरलेल्या तीन घरांकडे ती स्वतः गेली. एकानं दार लोटून घेतलं, दुसऱ्याच्या घरच्यांनी तिला सरबत देऊन वाटेला लावलं, तिसरं घर मुंबईला गेलेलं होतं. वही तिनं आपल्या टेबलाच्या कुलुपाच्या खणात ठेवली. तिच्यात सात जागा अजून होत्या ज्या कोणी पाहिल्या नव्हत्या. चार घरांच्या. रश्मीला त्या तोंडपाठ झाल्या होत्या, इतक्या वेळा तिनं ती वही चाळली होती. सबंध बंदरात सगळ्यांच्या जागा ठाऊक असलेलं एकच माणूस होतं आणि त्याला होडीत बसलं की उलटी व्हायची. हे मनात आलं की तिला हसू यायचं, आणि मग भीती वाटायची.

फेब्रुवारीत एका मंगळवारी अकरा वाजता जिन्याखाली चपला काढल्याचा आवाज आला. चाचा वर आले, नेहमीसारखे खुर्चीच्या कडेला बसले, सदऱ्याला इस्त्री होती. रश्मीनं चहा सांगितला. त्यांनी आधी नसीबाचं सांगितलं, तिला दिवस गेले आहेत. मग शादाबचं. शादाब पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणार होता, रत्नागिरीकडे. घरची होडी वर ओढून ठेवायची, कारण एकट्या म्हाताऱ्यानं ती कोणासाठी चालवायची. चार पिढ्यांत पहिल्यांदा त्यांच्या घरातला माणूस दुसऱ्याच्या होडीवर चढत होता. हे सगळं त्यांनी हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं, आणि रश्मीला कळलं की ते सांगायला आलेले नाहीत. चहा आला. या वेळी त्यांनी तो प्यायला, बशी खाली ठेवली आणि खिडकीकडे पाहत म्हणाले :

"त्या वहीत आणखी पानां होती, बाय. एक सांग. एकच."

खण तिच्या गुडघ्याशी होता. तिला ते पानही माहीत होतं, नववं. चार मैलांवरचा खडप, घोळ मासा आणि तांबोशी, पौष-माघ. ते ज्या घराचं होतं त्या घरातला म्हातारा रोज सकाळी खालच्या मजल्यावर पेपर वाचायला यायचा आणि आपल्याकडे लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या चालण्यातसुद्धा दिसत नसे. चाचा विचारत होते त्यात गैर काय होतं? तिनं त्यांचं नेलं होतं, तिनं भरून द्यायला हवं होतं. एक पान. कोणाला कळणारही नव्हतं. बावीस वर्षांत समोर बसून मागितलेली गोष्ट जवळ असूनही नाही असं तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. ते तिला येत नव्हतं. तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. दोरीनं कापलेली, मिठानं पांढरी पडलेली बोटं त्यांनी गुडघ्यांवर ठेवली होती. ती त्यांना अत्यंत मानत होती, आणि त्यांनी हे विचारायला नको होतं असं तिला मनापासून वाटलं.

"नाय चाचा," ती म्हणाली. "तेवढीच होती. बाकी कोरी आसत."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. जुलैत ती वही त्यांच्या मांडीवर होती, त्यांनी स्वतःच्या हातानं पानं उलटली होती, आणि वाचता येत नसलं तरी निळी शाई कोणालाही दिसते. ते रागावले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर जरासं समाधानच आलं, होडी धरायला शिकलेल्या पोराकडे बघताना येतं तसं, आणि ते आलं तसंच गेलं.

"तुका नाय म्हणूक येता तर," ते म्हणाले. "मगे माझ्या बापाशीच्या येळाक ता कशाक नाय इला?"

ते उत्तरासाठी थांबले. टोमणा मारून उठून जाणारे ते नव्हते. त्यांनी विचारलं होतं आणि त्यांना ऐकायचं होतं. रश्मीला एवढंच सुचलं की त्यांना बसा म्हणावं, आणि ते तर बसलेलेच होते.